सुवर्ण चतुष्कोन: वाटेत लागलेल्या गावांचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कुठल्याही फाउंड्रीच्या आवारात डोकावलं, तर एका कोपऱ्यात पिग आयर्नचा, म्हणजे वितळवून ओतायच्या कच्च्या लोखंडाचा, ढीग दिसतो. हा ढीग किती मोठा ठेवायचा हे निम्मं भट्टी ठरवते आणि निम्मं रस्ता. कर्नाटकातल्या कोप्पळ-होस्पेट पट्ट्यातून निघालेला ट्रक परवा पोचतो की आणखी चार दिवसांनी, हे सांगता येत नसेल, तर मालक पंधरवड्याचा माल आवारात टाकून ठेवतो. भट्टी थंड पडण्यापेक्षा पैसा अडकलेला परवडतो. ट्रक ठरल्या दिवशी येणार असा भरवसा बसला, की ढीग हळूहळू लहान होतो.

राष्ट्रीय महामार्गांचा विषय निघाला की आधी किलोमीटर येतात, मग कोटी. या प्रकरणाची सुरुवात मात्र ढिगापासून केलेली बरी, कारण सुवर्ण चतुष्कोनाचा, म्हणजे दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता जोडणाऱ्या महामार्गांचा, अगदी सुरुवातीला मोजता आलेला आर्थिक परिणाम अशाच ढिगांवर झाला होता.

आधीचा रस्ता

नव्वदच्या दशकात पुणे-कोल्हापूर एसटीने ज्यांनी प्रवास केलाय त्यांना तो रस्ता आठवत असेल. दोन्ही बाजूंना वडाची जुनी झाडं, मधे जेमतेम दोन गाड्या जातील एवढं डांबर. हंगामात कराड-इस्लामपूरकडे उसाच्या बैलगाड्या आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीमागे वीस गाड्या, त्यात एखादा अवजड ट्रेलर असला की चालकाने समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत बिडी ओढत बसायचं. सरकारी कागदावर हा 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४' होता. लोकांच्या तोंडी तेव्हाही पुणे-बंगळूर रोड होता आणि आजही आहे. २०१० मध्ये नवे क्रमांक देऊन सरकारने त्याला ४८ केलं, ते ट्रकवाल्यांनाही पाठ झालेलं नाही.

देशभर हीच तऱ्हा होती. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण रस्त्यावरच्या वाहतुकीचा सुमारे ४० टक्के भार त्यांच्यावर. त्यातला चौपदरी भाग इतका थोडा की तो लागला की चालक खूश व्हायचे. भारतीय ट्रक दिवसाला २५० ते ४०० किलोमीटर कापतो आणि विकसित देशांतला ७०० ते ८००, अशी तुलना त्या काळात सतत दिली जायची.

अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारने १९९८ मध्ये राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्प जाहीर केला आणि ६ जानेवारी १९९९ रोजी पायाभरणी झाली. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता ही चार महानगरं चौपदरी-सहापदरी रस्त्याने जोडायची, असा पहिला टप्पा. दिल्ली-कोलकाता १,४५३ किलोमीटर, कोलकाता-चेन्नई १,६८४, चेन्नई-मुंबई १,२९० आणि मुंबई-दिल्ली १,४१९. बेरीज ५,८४६. यात नवीन आखणी फारशी नव्हती. रस्ते होतेच, त्यांना रुंद करायचं, मधे दुभाजक घालायचा, गावांना वळसा द्यायचा आणि नद्यांवर दुसरा पूल टाकायचा, असं काम होतं. दिल्ली-कोलकाता बाजू तर बरीचशी शेरशाहच्या वाटेवरूनच जाते.

चतुष्कोनाबरोबर दुसरी रेघही ओढली गेली: श्रीनगर ते कन्याकुमारी आणि पोरबंदर ते सिल्चर, म्हणजे उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम मार्गिका. ही दुसरी रेघ लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

पैसा, जमीन आणि कंत्राटं

पैसा कुठून आणायचा या प्रश्नाला सरकारने साधं उत्तर शोधलं. पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे एक रुपया अधिभार लावला आणि २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने त्याला कायद्याचा आधार दिला. जो रस्ता वापरतो त्याच्याच खिशातून रस्ता, असं तत्त्व. शेतातल्या पंपाला डिझेल घालणारा शेतकरीही त्यात भरडला जात होता, ही गोष्ट वेगळी. या निधीच्या भरवशावर महामार्ग प्राधिकरणाला बाजारातून कर्ज उचलता आलं. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेनेही हात दिला. मनोर ते सुरत हा तुकडा आशियाई बँकेच्या कर्जातला. काही तुकडे 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीने खासगी कंपन्यांना दिले.

प्राधिकरणाचा कायदा १९८८ चा, पण संस्था प्रत्यक्ष कामाला लागली १९९५ मध्ये. जमीन मिळवणं सोपं जावं म्हणून १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात १९९७ मध्ये दुरुस्ती झाली होती. ती झाली नसती, तर पुढचं वेळापत्रक कागदावरच राहिलं असतं असं मला वाटतं. मोबदल्याबद्दलच्या तक्रारी मात्र त्याच दुरुस्तीतून उगवल्या: ताबा चटकन जायचा, रकमेचा वाद लवादापुढे वर्षानुवर्षं चालायचा.

चतुष्कोनाचं काम १२८ कंत्राटांमध्ये विभागलं होतं. प्रत्यक्ष बांधणीला २००१ मध्ये जोर आला, मुदत होती २००४. २००२ अखेर २३ टक्के, २००४ अखेर ८० टक्के आणि २००६ अखेर ९५ टक्के काम झालं. उरलेल्या थोड्याशा भागाने आणखी पाच वर्षं खाल्ली. प्रकल्प पूर्ण झाल्याचं सरकारने २०१२ च्या जानेवारीत जाहीर केलं. खर्च ३० हजार कोटींच्या आसपास आला. भारतातल्या सरकारी बांधकामाचा एकूण अनुभव पाहता, हा वेग थक्क करणारा होता.

त्या वेगाला एक काळी किनार आहे. सत्येंद्र दुबे हा आयआयटी कानपूरचा अभियंता झारखंडात कोडरमा इथे याच प्रकल्पावर होता. कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, आणि ते नाव सरकारी फायलींबरोबर फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी पहाटे गयेत त्याचा गोळ्या घालून खून झाला. सीबीआयने तपासाअंती ही लूटमार ठरवली, २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या चर्चेला या देशात जोर आला, तो या खुनानंतर.

श्रेय रस्त्याचं, हे कसं कळणार?

२००० ते २०१० या काळात भारताची अर्थव्यवस्था एरवीही धावत होती. तेव्हा रस्त्याकाठी कारखाने वाढले, एवढ्यावरून ते रस्त्यामुळे वाढले असं म्हणता येत नाही. कदाचित उलटंही असेल: जिथे भरभराट होणार हे दिसत होतं, तिथूनच रस्ता नेला असेल. महामार्गांवरच्या बहुतेक सरकारी पुस्तिका या प्रश्नाला बगल देतात. चतुष्कोनावर जेवढा अभ्यास झाला तेवढा भारतातल्या दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर क्वचितच झाला असेल, आणि तो झाला कारण या प्रकल्पाने अर्थशास्त्रज्ञांना दोन सोयी आयत्या दिल्या.

पहिली सोय, वाटेतली गावं. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता ही शहरं ठरवून निवडली होती. कराड, चित्रदुर्ग किंवा श्रीकाकुळमसाठी कोणी चतुष्कोन आखलेला नव्हता. दोन महानगरं सरळ रेषेच्या जवळपास जोडताना जे वाटेत आलं, ते आलं. त्यामुळे टोकाची शहरं हिशेबातून वगळली आणि फक्त मधली ठिकाणं पाहिली, तर 'भरभराट होणार म्हणून रस्ता नेला' ही शंका बरीच विरते.

दुसरी सोय म्हणजे ती दुसरी रेघ. उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम मार्गिका त्याच वेळी जाहीर झाली, तिचे काही भाग त्याच वेळापत्रकात होते, पण काम रखडलं. २००६ अखेर चतुष्कोन ९५ टक्के झाला असताना तिचं काम १० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे रस्त्याची घोषणा झालेली, पण रस्ता न मिळालेली गावं तुलनेला आयती हजर. औषधाच्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना नुसती साखरेची गोळी देतात, तसं इथे देशाने स्वतःवर नकळत करून घेतलं. महाराष्ट्रातली साखरेची गोळी नागपूर पट्ट्याच्या वाट्याला आली. नागपूर-शिवनीचा तुकडा पेंचच्या जंगलातून जातो; वाघांच्या वाटेचा प्रश्न न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षं तिथे खड्डेच राहिले. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवून तो बांधला गेला. त्या उशिराबद्दल मी तरी हळहळणार नाही, कारण त्यातून निघालेला उपाय मग इतरत्र वापरता आला. पण विदर्भातल्या मालवाहतूकदाराला त्याची किंमत मोजावी लागली, हेही खरं.

एजाझ घनी, आरती गोस्वामी आणि विल्यम केर या तिघांनी संघटित कारखानदारीची जिल्हावार आकडेवारी घेऊन ही तुलना केली. चतुष्कोन ज्या जिल्ह्यांतून किंवा त्यांच्या दहा किलोमीटरच्या आतून जातो, त्यांची गाठ त्यांनी १० ते ५० किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्यांशी घातली. टोकाची शहरं वगळून. रस्त्यालगतच्या जिल्ह्यांत दशकभरात कारखानदारीचं उत्पादन सुमारे ४९ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं, नवे कारखाने जास्त निघाले आणि असलेल्यांची उत्पादकताही सुधारली. दूरच्या जिल्ह्यांत यातलं काही दिसलं नाही. आणि रखडलेल्या दुसऱ्या रेघेवरही दिसलं नाही. निष्कर्षाला वजन आहे ते या शेवटच्या वाक्यामुळे.

या अभ्यासातला जो भाग कमी उद्धृत होतो, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना जमीन भरपूर लागते असे उद्योग मोठ्या शहरांतून उठून रस्त्याकाठच्या मध्यम जिल्ह्यांकडे सरकले. सुरत आणि श्रीकाकुळम ही त्यांची आवडती उदाहरणं: महानगरही नव्हेत आणि अगदी उजाडही नव्हेत, अशा ठिकाणी नव्या उत्पादनाने दुपटीच्या वर उडी मारली. जिथे आधी काहीच नव्हतं, त्या जिल्ह्यांना रस्त्याने फारसं काही दिलं नाही. कारागीर, सुटे भाग, बँक, वीज, एखादं आयटीआय एवढी तयारी जिथे होती, तिथे रस्ता पोचला आणि उपयोगी पडला.

एक गैरसमज इथेच काढलेला बरा. 'दहा किलोमीटर' हे माप जिल्ह्याचं रस्त्यापासूनचं अंतर आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दहा किलोमीटरची पट्टी श्रीमंत झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. सातारा जिल्हा या मापात 'लगतचा', पण त्याच जिल्ह्यातला माण तालुका रस्त्यापासून किती लांब आहे ते माणमधल्या माणसाला विचारा.

ढिगाचं गणित

आता पुन्हा पिग आयर्नकडे. सौगतो दत्ता यांनी २००२ आणि २००५ या दोन वर्षांतल्या जागतिक बँकेच्या उद्योग-पाहण्या घेतल्या. म्हणजे चतुष्कोन अर्धवट असतानाचीच ही गोष्ट. चतुष्कोनावर असलेल्या शहरांतल्या कारखान्यांनी कच्च्या मालाचा साठा ६ ते १२ दिवसांच्या उत्पादनाएवढा कमी केल्याचं त्यांना दिसलं. इतर शहरांतल्या कारखान्यांच्या तुलनेत.

हे किती, ते एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा एक फाउंड्री रोज दहा टन पिग आयर्न वितळवते. साठा दहा दिवसांनी कमी झाला म्हणजे शंभर टन. त्या काळात टनाला वीस हजार धरले तर वीस लाख रुपये आवारातून सुटले. बारा टक्के व्याजाने वर्षाला दोन लाख चाळीस हजार. मध्यम फाउंड्रीच्या दृष्टीने ही रक्कम एखाद्या नव्या यंत्राच्या हप्त्याएवढी आहे, आणि ती मिळवायला मालकाला काही करावं लागलेलं नाही. शिवाय ढीग जिथे होता ती जागा मोकळी झाली. एमआयडीसीतल्या जागेचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

दत्तांना आणखी एक गोष्ट सापडली: या शहरांतल्या कारखान्यांनी मुख्य कच्चा माल पुरवणारा व्यापारी बदलण्याचं प्रमाण जास्त होतं. पूर्वी जवळचा म्हणून जो देईल त्याच्याकडून घ्यायचं. आता दोनशे किलोमीटर पलीकडचाही दर विचारता येऊ लागला. गावातल्या एकट्या पुरवठादाराची मुजोरी रस्त्याने मोडली, असं म्हणायला हरकत नाही. पुढे आस्तुरियास, गार्सिया-सांताना आणि रामोस यांनी चतुष्कोनामुळे कारखानदारीतलं वास्तव उत्पन्न सुमारे २.७ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज बांधला. त्यातला लहानसा भाग अशा वाढलेल्या स्पर्धेचा आणि बाकीचा स्वस्त वाहतुकीचा. २.७ हा आकडा ४९ पुढे फिका वाटेल. पण ४९ टक्के ही लगतच्या जिल्ह्यांची दूरच्यांशी तुलना आहे, त्यात एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे गेलेले कारखानेही आले. २.७ हा सगळ्या देशाचा हिशेब आहे. मंत्र्यांच्या भाषणात यातला कुठला आकडा वापरला जातो हे वाचकांनी ओळखावं.

पुणे ते कागल

आपल्याकडच्या तुकड्यावर हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने बांधला आणि २००२ मध्ये तो पूर्ण सुरू झाला. सातारा-कागल चौपदरीकरणही महामंडळाकडेच होतं. म्हणून तासवडे आणि किणीचे टोलनाके बरीच वर्षं राज्याचे होते. कात्रजला नवा बोगदा झाला. खंबाटकीला तेव्हा एकच बोगदा झाला, तोही एकेरी: साताऱ्याहून पुण्याकडे येताना बोगदा, पुण्याहून जाताना जुना घाट.

पुण्यात जागा परवडेनाशी झालेले कारखाने आधी सातारा जिल्ह्यातल्या शिरवळ-खंडाळ्याच्या माळावर उतरले. त्या तालुक्यांना राज्याच्या औद्योगिक सवलती पुण्यापेक्षा जास्त होत्या, म्हणून सगळं श्रेय रस्त्याला देता येणार नाही. पण सवलत माण-खटावलाही होती. तिथून दोन तासांत चाकणला माल पोचवायची सोय नव्हती. खाली कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या तिन्ही औद्योगिक वसाहती महामार्गालगत आहेत. ऑइल इंजिनांच्या जमान्यात घडलेले इथले कारागीर आता पुण्याच्या वाहन उद्योगासाठी कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, करतात. रात्री भरलेला ट्रक सकाळच्या पाळीला चाकण-पिंपरीत रिकामा होतो. घनी-गोस्वामी-केर ज्याला मध्यम तयारीचा जिल्हा म्हणतील, त्याचं कोल्हापूरहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. कारागिरी आधी होती, शाहू महाराजांच्या काळापासून होती. अडलं होतं ते अंतर.

टोलबद्दल एक निरीक्षण. शहरातल्या अंतर्गत रस्त्यांचा टोल कोल्हापूरकरांनी रस्त्यावर उतरून २०१५ अखेर घालवला. किणीचा टोल चालूच राहिला. त्याच्यावरही राग होता, आंदोलनंही झाली, पण 'टोल देणार नाही' म्हणून गाव बंद ठेवण्याची इरेसरी तिथे कधी दिसली नाही. मला वाटतं, ज्या रस्त्याने पैसे वाचतात तिथे माणूस कुरकुरत का होईना देतो.

रुंद रस्ता, अरुंद गळा

जाळं कुठे आवळतं हेही याच बाजूवर दिसतं. मुंबई-चेन्नई बाजू चौपदरी झाली तरी हुबळी-धारवाडचं बाह्यवळण दोन पदरीच राहिलं. ते आधीच वेगळ्या खासगी करारात बांधलेलं होतं आणि कराराची मुदत २५ वर्षांची. चौपदरीवर ऐंशीच्या वेगाने आलेला चालक अचानक दुभाजक नसलेल्या रस्त्यावर पडायचा. जानेवारी २०२१ मध्ये गोव्याला सहलीला निघालेल्या दावणगेरेच्या मैत्रिणी तिथेच अपघातात दगावल्या. आमच्या खंबाटकीच्या बोगद्यापुढचं इंग्रजी एस अक्षरासारखं वळण आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा उतार यांची कथा निराळी नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्या उतारावर पन्नासच्या आसपास गाड्या एकमेकींवर आदळल्या. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर. दोन टक्के लांबीवर छत्तीस टक्के मरण. साठ्याचा हिशेब करणाऱ्या अभ्यासांत या रकान्याला जागा नसते.

दुसरा गळा नाक्यांचा होता. २००६ मध्ये रस्ता झाला, पण राज्यांच्या सीमेवरची विक्रीकराची तपासणी आणि महापालिकांची जकात तशीच राहिली. मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या जकात नाक्यांवर रात्र काढलेले चालक अजून आहेत. कोल्हापुरातून आठ तासांत मुंबईच्या वेशीवर आणि मग वेशीवरच पाच तास. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, नाके उठले. मालवाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल २०१८ ला, फास्टॅगची सक्ती २०२१ च्या फेब्रुवारीत. रस्त्यातला निम्मा फायदा लोकांना दहा वर्षं उशिरा मिळाला तो असा. चतुष्कोनावरचे गाजलेले अभ्यास या आधीच्या आकड्यांवरचे आहेत, त्यामुळे त्यांनी रस्त्याची पूर्ण ताकद मोजली असं मी मानत नाही.

आणि ज्यांचं मोजमापच झालं नाही ते वेगळेच. आकडेवारी संघटित कारखान्यांची. जुन्या रस्त्यावरचा फाट्यावरचा वडेवाला, टायर पंक्चरवाला, एसटी थांब्यावरची पेरूवाली या कुठल्याच रकान्यात नाहीत. गावाला बाह्यवळण मिळालं की शाळेची पोरं सुखरूप रस्ता ओलांडतात आणि बाजारपेठेतलं गिऱ्हाईक वरच्या वर निघून जातं. दोन्ही एकाच दिवशी घडतं. काही जणांनी सर्व्हिस रोडला टपरी हलवली, काहींची पुढची पिढी एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागली. वडाची झाडं तर कुणाच्याच हिशेबात नव्हती.

सहा दिवसांचा पुरावा

रस्त्याची किंमत काढायची दुसरी रीत म्हणजे तो बंद पाडून पाहणं. असा प्रयोग कोणी मुद्दाम करणार नाही. कोल्हापूरच्या पंचगंगा नदीने केला, दोनदा.

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक सुमारे आठवडाभर थांबली. कागलपासून मागे आणि किणीपासून वर ट्रकांच्या रांगा. जिल्ह्यातलं दूध संकलन थांबलं, मुंबई-पुण्याला दुधाचा तुटवडा पडला. कोल्हापुरात पेट्रोल, गॅस आणि भाजी संपली. जुलै २०२१ मध्ये पाणी आणखी वर गेलं आणि रस्ता पुन्हा तीन-चार दिवस बंद झाला.

इथे ढिगाच्या गणिताची दुसरी बाजू उघडी पडते. पंधरवड्याचा माल आवारात ठेवणारा जुना मालक आठवडाभराच्या पुरात तग धरून राहिला असता. रस्त्यावर विसंबून साठा चार दिवसांवर आणणाऱ्याची भट्टी पाचव्या दिवशी विझते. रस्त्याने भांडवल मोकळं केलं, तसा अडीअडचणीला उपयोगी पडणारा साठाही पातळ केला. पलीकडच्या बाजूला पुण्यातली वाहन कंपनी कास्टिंगची वाट पाहत बसते, कारण तिनेही गोदाम लहान केलेलं असतं. एका ठिकाणचं पाणी दोनशे किलोमीटरवरच्या जुळणी-पट्ट्यावर पोचतं.

याहून अवघड गोष्ट अशी, की पुराला रस्ताही कारण आहे असं इथले अनेक शेतकरी आणि पुराचे अभ्यासक सांगतात. चौपदरीकरणात पंचगंगेच्या काठी महामार्ग उंच भरावावर घेतला. पूर्वी पूर आला की पाणी रस्त्यावरून आणि शेतांतून पसरत खाली निघून जायचं. आता भराव आडवा आहे, पाणी पुलाच्या मोऱ्यांतून जाईल तेवढंच जातं आणि वरच्या अंगाला, म्हणजे शहराकडे आणि चिखलीसारख्या गावांकडे, फुगतं. भरावाचा वाटा किती आणि धरणांच्या विसर्गाचा, नदीपात्रातल्या बांधकामांचा, एकाच आठवड्यातल्या प्रचंड पावसाचा किती, यावर वाद आहे. तो एका लेखात मिटणार नाही. पण पूररेषेतून आडवा भराव घालताना तो पाण्याला बांध ठरेल एवढं कळायला मोठ्या अभ्यासाची गरज नव्हती. मातीचा भराव स्वस्त पडतो आणि खांबांवरचा रस्ता महाग. २००४ च्या मुदतीकडे धावणाऱ्या प्रकल्पात काय निवडलं जाणार, हे उघड होतं. किलोमीटर मोजणाऱ्या वेळापत्रकात पुराचं पाणी मोजलं गेलं नाही, आणि त्याचं बिल ज्यांच्या शेतात पाणी साचलं त्यांच्या नावावर निघालं. टोल भरणाऱ्या ट्रकवाल्याला ते कधी दिसतही नाही.

सातारा-कागल टप्प्याचं सहापदरीकरण गेली काही वर्षं चालू आहे. जागोजागी वळणरस्ते, धूळ, अर्धवट उड्डाणपूल, आणि किणीचा टोल चालू. शिरोली ते सांगली फाटा या पूरपट्ट्यात भराव आणखी रुंद करू नका, तिथे रस्ता खांबांवर उचला आणि खालून पाणी जाऊ द्या, ही मागणी २०१९ पासून सतत मांडली जाते. शिरोलीतले फाउंड्रीवालेही तीच मागणी करतात. आणि एवढ्यात ज्यांच्या आवारात जाऊन आलो, त्यांच्यातल्या काहींचे पिग आयर्नचे ढीग जून ते सप्टेंबर पुन्हा मोठे झालेले दिसतात.